उष्णतावाहक लेप, संगणक प्रक्रियकाचा

संगणकाचा प्रक्रियक आणि त्यावर बसविलेला शीतक संच यांच्या पृष्ठांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून हवा घालवून तिच्या जागी उष्णता वाहून नेणारा थर निर्माण करणारा अर्धप्रवाही पदार्थ. व्यवहारात तो थर्मल पेस्ट या नावाने ओळखला जातो; रेडिओ व दूरचित्रवाणी संचांची दुरुस्ती करणारे कारागीर त्याला हीट सिंक कंपाउंड असेही म्हणतात. हा लेप किती काळाने बदलावा याविषयी दोन परस्परविरुद्ध समज रूढ आहेत. एका समजानुसार तो दरवर्षी बदलणे आवश्यक आहे, तर दुसऱ्यानुसार एकदा लावलेला लेप संगणकाच्या अखेरपर्यंत पुरतो. दोन्ही समज अपुरे आहेत. लेपाचे आयुष्य वर्षांवर अवलंबून नसून त्याचे घटक, त्यावरील दाब, तापमानातील चढउतार आणि तो ज्या पृष्ठांमध्ये आहे त्यांचे स्वरूप यांवर अवलंबून असते. हा प्रश्न मुळात कसा उद्‌भवला आणि संगणक निर्मात्याकडून तो सामान्य वापर करणाऱ्याकडे कसा आला, हे पाहिल्यास त्याचे उत्तरही अधिक स्पष्ट होते.

स्पर्शपृष्ठाचा प्रश्न : फ्रेंच गणितज्ञ झां बातीस्त झोझेफ फूर्ये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उष्णता संवहनाचा नियम मांडला. त्यानुसार एखाद्या थरातून वाहणारी उष्णता त्याच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरक, क्षेत्रफळ आणि पदार्थाची औष्णिक संवाहकता यांच्या समप्रमाणात, तर जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. तांब्याची औष्णिक संवाहकता सु. ४००, ॲल्युमिनियमाची सु. २४० आणि सिलिकॉनाची सु. १५० वॉट प्रति मीटर केल्व्हिन आहे. स्थिर हवेची मात्र केवळ सु. ०·०२६ आहे. म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने हवा ही तांब्याच्या सु. पंधरा हजारपट दुर्वाहक आहे.

दोन धातूंची पृष्ठे कितीही गुळगुळीत केली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर उंचवटे व खळगे दिसतात. पृष्ठे एकमेकांवर ठेवली असता ती उंचवट्यांच्या टोकांशीच एकमेकांना टेकतात. एफ्‌. पी. बोडन व डेव्हिड टेबर यांनी १९३९ मध्ये विद्युत् संवाहकतेच्या मापनांवरून दाखवून दिले की, खरे स्पर्शक्षेत्र हे दिसणाऱ्या क्षेत्राचा अत्यल्प अंश असते. उरलेल्या जागेत हवा राहते. लेपाचे काम केवळ ही हवा काढून टाकण्याचे असते. तो धातूपेक्षा चांगला वाहक कधीच नसतो. म्हणून जेथे धातू धातूला टेकू शकतो तेथे लेपाची जाडी वाढविणे हानिकारक ठरते.

या थराचे महत्त्व पुढील गणितावरून ध्यानात येईल. २ चौ. सेंमी. क्षेत्राच्या चिपमधून १०० वॉट उष्णता बाहेर पडत आहे व लेपाचा थर ५० मायक्रोमीटर जाड आहे असे मानले, तर ४ वॉट प्रति मीटर केल्व्हिन संवाहकतेच्या लेपात तापमानाचा फरक सु. ६° से. पडतो. लेपाची संवाहकता ०·८ असल्यास तो सु. ३१° से. होतो. त्याच ठिकाणी केवळ १० मायक्रोमीटर जाडीचा हवेचा अखंड थर असल्यास हा फरक सु. १९०° से. झाला असता. प्रत्यक्षात धातूंचे स्पर्शबिंदू काही उष्णता वाहून नेत असल्याने तो इतका होत नाही; तथापि लेपात जेथे जेथे पोकळी पडते, तेथे चिपचा तेवढा भाग वेगाने तापतो.

निर्वात नलिकांचा काळ : आरंभीच्या इलेक्ट्रॉनीय संगणकांत हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या व १९४६ मध्ये जाहीर प्रात्यक्षिक झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट वीज लागे. नलिकेतील तंतू मुळातच तप्त ठेवावा लागत असल्याने उष्णता हा त्या यंत्राच्या कार्याचाच भाग होता. काचेच्या पृष्ठावरून ती प्रारणाने व भोवतालच्या हवेने निघून जाई. ती हवा मोठ्या वातप्रेरकांनी खेळती ठेवणे एवढेच शीतनाचे स्वरूप होते. मुंबईतील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत बांधलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांचाच होता. अशा यंत्रांत दोन घन पृष्ठे एकमेकांवर दाबून उष्णता बाहेर काढण्याची गरज भासत नसे.

ट्रँझिस्टर व सिलिकोन ग्रीज : १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत ट्रँझिस्टराचा शोध लागला आणि परिस्थिती पालटली. नलिका तप्त असतानाच चाले. उलट अर्धसंवाहक तापला की त्यातील विद्युत् गळती वाढते, गळतीमुळे तो आणखी तापतो आणि शेवटी निकामी होतो. शिवाय ही उष्णता अत्यंत लहान जागेत निर्माण होते. म्हणून अधिक शक्तीचे ट्रँझिस्टर यंत्राच्या धातूच्या चौकटीवर किंवा पाती असलेल्या ॲल्युमिनियमाच्या ठोकळ्यावर, म्हणजे हीट सिंकवर, स्क्रूने घट्ट बसविण्यात येऊ लागले. ट्रँझिस्टराचे कवच व चौकट यांच्यात विद्युत् संपर्क होऊ नये म्हणून मध्ये अभ्रकाची पातळ चकती घालीत आणि तिच्या दोन्ही बाजूंस ग्रीज लावीत.

या ग्रीजसाठी लागणारा पदार्थ रसायनशास्त्राने आधीच उपलब्ध करून दिलेला होता. फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी सिलिकॉनाच्या कार्बनी संयुगांवर दीर्घकाळ संशोधन केले होते. त्यांतून पुढे सिलिकोने या पदार्थवर्गाचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी याच उद्देशाने स्थापन झाली व तिचे सिलिकोन ग्रीज दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेत दमटपणा शिरू नये म्हणून वापरण्यात आले. सिलिकोन तेल उष्णतेने लवकर बिघडत नाही, सहज उडून जात नाही आणि विजेचे दुर्वाहक आहे. त्याची औष्णिक संवाहकता मात्र सु. ०·१५ एवढीच असते. त्यात जस्ताच्या ऑक्साइडाचे बारीक चूर्ण मोठ्या प्रमाणात मिसळल्यास ती सु. ०·७ ते १ पर्यंत वाढते. दुरुस्तीच्या दुकानांतून आजही दिसणारा पांढरा लेप तो हाच. रेडिओ, प्रवर्धक व वीजपुरवठा संच यांत तो एकदा लावल्यावर सहसा पुन्हा पाहिला जात नसे. ‘एकदा लावलेला लेप कायमचा’ या समजाचे मूळ या वापरात आहे.

मोठे संगणक : संकलित मंडलांमुळे १९६० नंतर संगणकाचा आकार घटला, पण दर चौ. सेंमी.मधून बाहेर काढावयाची उष्णता वाढली. क्रे-१ हा महासंगणक १९७६ मध्ये अमेरिकेतील लॉस ॲलामॉस येथे बसविण्यात आला. त्यात मंडलफलकांमधील उष्णता तांब्याच्या पत्र्यांतून कडेच्या ॲल्युमिनियमाच्या दांड्यांकडे व तेथून फ्रिऑन या शीतन द्रव्याकडे नेलेली होती. त्याला सु. ११५ किलोवॉट वीज लागे.

स्पर्शपृष्ठाच्या प्रश्नाची सर्वांत लक्षणीय सोडवणूक आय्‌बीएम्‌ कंपनीच्या संगणकांत आढळते. १९८० मध्ये जाहीर झालेल्या आय्‌बीएम्‌ ३०८१ या संगणकात शंभराहून अधिक चिपा एकाच मृत्तिका तळपट्टीवर उलट्या बसविलेल्या होत्या. त्यांचे विद्युत् संपर्क खालच्या बाजूस असल्याने उष्णता पाठीकडूनच काढणे भाग होते. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमाचा एक दट्ट्या टेकविलेला असे. दट्ट्या व चिप यांच्यातील फटींत हवा राहू नये म्हणून संपूर्ण बंदिस्त संचात हीलियम वायू भरीत. त्याची संवाहकता हवेच्या सु. सहापट असते. संचाच्या वरील पट्टातून पाणी खेळविले जाई. याच कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या ४३८१ या संगणकात पाण्याऐवजी हवेने शीतन करावयाचे होते. तेथे ३६ चिपा असलेल्या संचात चिपांची पाठ व मृत्तिकेचे झाकण यांच्यात उष्णतावाहक लेप भरण्यात आला व झाकणावरील हीट सिंकवर हवेचे झोत सोडण्यात आले. अशा रीतीने ट्रँझिस्टराच्या ग्रीजचा वारसा असलेला लेप संगणकाच्या गाभ्याशी येऊन पोहोचला.

या सर्व यंत्रांचे एक समान वैशिष्ट्य होते. स्पर्शपृष्ठातील थर कोणता असावा, त्यावर किती दाब असावा व तो किती वर्षे टिकावा, हे निर्माता ठरवीत असे. संच बंदिस्त असत आणि देखभाल प्रशिक्षित अभियंत्यांकडे असे. लेप केव्हा बदलावा हा प्रश्न वापर करणाऱ्यापुढे येतच नसे.

सूक्ष्मप्रक्रियक व वैयक्तिक संगणक : इंटेल कंपनीच्या १९७१ मधील ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सु. २,३०० ट्रँझिस्टर होते व तो एक वॉटापेक्षा कमी शक्ती वापरी. १९८५ मधील ८०३८६ पर्यंतचे प्रक्रियक सामान्यतः हीट सिंकविना चालत. कवचाच्या पृष्ठावरून निघणारी उष्णता पेटीतील हवा वाहून नेई. १९८९ मधील ८०४८६ या मालिकेतील जलद प्रक्रियकांवर हीट सिंक व लहान पंखे दिसू लागले. १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या पेंटियम प्रक्रियकांत ३१ लाख ट्रँझिस्टर होते व त्यांची कमाल शक्ती सु. १६ वॉटपर्यंत जाई. त्यांना शीतक संच अपरिहार्य ठरला.

याच सुमारास संगणकाचे सुटे भाग विकत घेऊन ते जोडण्याची प्रथा जगभर पसरली. महाराष्ट्रातही मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून भाग आणून संगणक जोडून देणाऱ्यांचा व्यवसाय वाढला. प्रक्रियक एका उत्पादकाचा, शीतक संच दुसऱ्याचा व लेप तिसऱ्याचा अशी विभागणी झाली. पूर्वी प्रयोगशाळेत आखला जाणारा हा थर आता दुकानातील कारागिराच्या किंवा घरी संगणक जोडणाऱ्याच्या बोटाखाली आला. जबाबदारी हस्तांतरित झाली. पण तिच्याबरोबर मापनाची पद्धत आली नाही. ‘दरवर्षी बदलावा’ यासारखे ठोकळ नियम या पोकळीतून निर्माण झाले.

चुकीची किंमतही या काळात मोठी होती. २००० च्या सुमारास ए.एम्‌.डी. कंपनीच्या ॲथलॉन प्रक्रियकांची सिलिकॉन चिप उघडीच असे. हीट सिंक तिरपा दाबला गेल्यास तिचा कोपरा तुटे आणि हीट सिंक नीट न टेकल्यास ती काही क्षणांत जळून जाई. इंटेलच्या पेंटियम ४ मध्ये तापमान वाढताच प्रक्रियकाचा वेग आपोआप कमी करण्याची सोय आली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. तसेच चिपवर तांब्याचे, निकेलाचा मुलामा दिलेले झाकण बसविण्यात येऊ लागले. या सुधारणांमुळे प्रक्रियक जळण्याचा धोका जवळजवळ नाहीसा झाला. परंतु लेप बिघडला तर त्याचे लक्षणही बदलले. संगणक बंद पडण्याऐवजी तो केवळ मंद चालू लागला आणि मंद चालणारा संगणक ‘जुना झाला’ म्हणून टाकून देण्याची सवय लागली.

उष्णतेची मर्यादा : रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते की, ट्रँझिस्टराचा आकार व विद्युत् दाब एकाच प्रमाणात घटविल्यास दर चौ. सेंमी.मागील शक्ती स्थिर राहते. २००५ च्या सुमारास हे प्रमाण टिकविणे अशक्य झाले, कारण विद्युत् गळतीमुळे दाब आणखी कमी करता येईना. २००४ मध्ये आलेल्या ९० नॅनोमीटर तंत्राच्या पेंटियम ४ प्रक्रियकांची शक्ती १०० वॉटच्या पुढे गेली आणि त्याच वर्षी इंटेलने त्यानंतरचा नियोजित प्रक्रियक रद्द करून एकाच चिपवर अनेक गाभे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून स्पर्शपृष्ठातील प्रत्येक अंशाला महत्त्व आले.

झाकण असलेल्या प्रक्रियकात दोन स्पर्शपृष्ठे असतात : एक चिप व झाकण यांच्यातील आणि दुसरे झाकण व हीट सिंक यांच्यातील. पहिले कारखान्यात बंद केलेले असते. इंटेलच्या २०११ मधील मेज-संगणकांच्या प्रक्रियकांत ते इंडियमयुक्त डाखाने सांधलेले होते. २०१२ मध्ये त्याऐवजी लेप वापरण्यात आला आणि नवे प्रक्रियक जुन्यांपेक्षा अधिक तापतात असे अनेकांना आढळले. काही हौशी लोकांनी झाकण काढून आतील लेप बदलला, तेव्हा तापमान पुष्कळ उतरले. या फरकाचा बराचसा भाग लेपाच्या प्रतीमुळे नसून झाकण चिकटविणाऱ्या पदार्थामुळे चिपवर राहणाऱ्या फटीमुळे, म्हणजेच लेपाच्या जाडीमुळे होता. २०१८ मध्ये इंटेलने आपल्या वरच्या श्रेणीच्या प्रक्रियकांत पुन्हा डाख वापरण्यास आरंभ केला. बाहेरचा लेप वारंवार बदलून आतील थराचा दोष दूर होत नाही, हे या प्रकरणावरून स्पष्ट झाले.

लेपाचे घटक : आजच्या लेपांत सिलिकोन किंवा अन्य संश्लेषित तेलात जस्ताचे ऑक्साइड, ॲल्युमिना, ॲल्युमिनियम, बोरॉन नायट्राइड, चांदी किंवा कार्बन यांचे कण मिसळलेले असतात. चांदीची संवाहकता ४०० हून अधिक असली, तरी चांदीयुक्त लेपाची संवाहकता काही एककांपुरतीच राहते, कारण उष्णतेला एका कणाकडून दुसऱ्याकडे जाताना तेलाचा थर ओलांडावा लागतो. काही लेप लावल्यानंतर पातळ पसरून स्थिरावण्यास बराच काळ घेतात. गॅलियम व इंडियम यांच्या द्रव मिश्रधातूंची संवाहकता याहून पुष्कळ अधिक असते. २०२० मध्ये आलेल्या सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्रात अशा द्रव धातूचा वापर केलेला आहे. मात्र गॅलियम ॲल्युमिनियमाच्या कणसीमांत शिरून त्याला ठिसूळ करते व द्रव धातू विजेचा वाहक असल्याने ओघळल्यास मंडल निकामी होऊ शकते.

लेपाचा ऱ्हास : लेप दोन प्रमुख कारणांनी निकामी होतो. पहिले कारण म्हणजे तेल व कण विलग होणे. दीर्घकाळ उष्णतेत तेलाचा काही भाग कडेला झिरपतो किंवा उडून जातो. उरलेला थर कोरडा, भेगाळ व पोकळ होतो. दुसरे कारण प्रसरणातील फरकाचे आहे. सिलिकॉनाचे रेखीय प्रसरण दर अंशास सु. २·६ दशलक्षांश, तर तांब्याचे सु. १७ दशलक्षांश असते. संगणकावर भार आला की दोन्ही पृष्ठे असमान प्रसरण पावतात व किंचित वाकतात; भार उतरला की पूर्वस्थितीत येतात. या वारंवार होणाऱ्या हालचालीने लेप पंपाप्रमाणे मधून कडांकडे ढकलला जातो आणि सर्वाधिक तापणारा मध्यभागच उघडा पडतो.

या दुसऱ्या प्रक्रियेचा त्रास उघड्या चिपेला अधिक होतो. म्हणूनच उघड्या चिपेचे मांडी-संगणक व चित्रप्रक्रियक यांतील लेप लवकर बिघडतो, तर झाकण असलेल्या मेज-संगणकातील लेप दीर्घकाळ टिकतो. दिवसभर एकसारख्या भाराने चालणाऱ्या संगणकापेक्षा वारंवार तापून थंड होणाऱ्या संगणकात ऱ्हास जलद होतो. लेप जितका पातळ पसरणारा, तितका तो लावण्यास सोपा व ढकलला जाण्यासही सोपा. याउलट अधिक श्यान लेप मागे राहतो. काही उत्पादक आपल्या लेपाचे आयुष्य आठ वर्षांपर्यंत सांगतात; परंतु तीच नळी दोन भिन्न यंत्रांत भिन्न काळ टिकते.

पुनर्लेपनाचा काळ : लेप निश्चितपणे बदलावा अशी एकच परिस्थिती आहे, ती म्हणजे काही कारणाने शीतक संच काढला गेला असता. एकदा तुटलेला थर पुन्हा दाबल्यास त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून तो कालच लावलेला असला तरी पुसून नवा लावावा. इतर सर्व परिस्थितींत निर्णय मापनाने घ्यावयाचा असतो.

केवळ तापमानाचा आकडा यासाठी पुरेसा नाही. खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढते, जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रक्रियकाचे वाढते. विदर्भात डिसेंबरात घेतलेले मापन मे महिन्यातील मापनाशी ताडून पाहिल्यास उत्तम लेपही बिघडलेला वाटेल. खरे माप म्हणजे प्रक्रियक व खोली यांच्या तापमानांतील फरकास प्रक्रियकाच्या शक्तीने भागून येणारी संख्या होय. उदा., खोली २५° से., प्रक्रियक ७५° से. व शक्ती १०० वॉट असल्यास ही संख्या ०·५ येते. उन्हाळ्यात खोली ३८° से. व प्रक्रियक ८८° से. झाला, तरी ती ०·५ च राहते. लेप बदलण्याचे कारण नाही. परंतु खोली २५° से. असताना त्याच शक्तीला प्रक्रियक ९०° से. झाला, तर संख्या ०·६५ होते आणि उष्णतेच्या मार्गात कोठेतरी अडथळा आला आहे हे सिद्ध होते. यासाठी संगणक नवा असताना, एकच ठराविक भार सु. अर्धा तास देऊन व पंख्याची गती तीच ठेवून घेतलेले मापन नोंदवून ठेवणे उपयुक्त असते.

आधुनिक प्रक्रियकांत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. हे प्रक्रियक ठराविक मर्यादेपर्यंत तापमान वाढू देऊन तेथे स्वतःचा वेग सांभाळतात. २०२२ मध्ये आलेल्या ए.एम्‌.डी.च्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रक्रियक मोठ्या भाराखाली ९५° से.वर चालावेत अशीच त्यांची रचना आहे. अशा यंत्रात लेप बिघडला तरी तापमान तेवढेच दिसते. कमी होते ती शक्ती व स्पंद कंप्रता. म्हणून त्यांच्या बाबतीत पूर्वीच्या तुलनेत त्याच तापमानास किती वॉट वापरले जातात हे पाहावे लागते.

अडथळा आढळला तरी तो लेपाचाच असतो असे नाही. हीट सिंकच्या पात्यांत साचलेली धूळ, मंदावलेला पंखा आणि सैल झालेले स्क्रू ही अधिक नेहमीची कारणे होत. तापमान वाढण्याच्या वेगावरून त्यांतील भेद ओळखता येतो. धूळ साचली असल्यास हीट सिंकचा संपूर्ण ठोकळा हळूहळू तापतो व प्रक्रियकाचे तापमान काही मिनिटांत चढते. लेप बिघडला असल्यास भार येताच काही सेकंदांत तापमान उसळी घेते व भार जाताच कोसळते, तर हीट सिंक त्या मानाने थंडच राहतो. एकाच प्रक्रियकाच्या सारखा भार असलेल्या गाभ्यांपैकी एखादाच पूर्वीपेक्षा फार तापू लागला, तर लेपात पोकळी पडल्याचा संशय घेण्यास जागा असते. म्हणून प्रथम धूळ काढावी, पंखा व स्क्रू तपासावेत, पुन्हा मापन करावे आणि वाढ तरीही टिकून राहिली तरच लेप बदलावा.

निष्कारण पुनर्लेपनात धोकाही असतो. घट्ट झालेल्या लेपामुळे शीतक संच उचलताना प्रक्रियक खोबणीतून उपटून येऊ शकतो व त्याच्या पिना वाकतात. ज्यांच्या पिना प्रक्रियकालाच असतात अशा जुन्या खोबणींत हे विशेष घडते. त्यासाठी संगणक काही वेळ चालवून लेप मऊ करतात आणि वीज बंद केल्यावर संच सरळ न ओढता किंचित फिरवून सैल करतात. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पूर्ण पुसून नवा अल्प प्रमाणात मध्यभागी ठेवतात व समोरासमोरील स्क्रू आळीपाळीने आवळतात. उघड्या चिपेच्या बाबतीत मात्र तिचे कोपरे उघडे राहू नयेत म्हणून पातळ थर सर्वत्र पसरणे योग्य ठरते.

पर्याय : लेपाच्या ऱ्हासावर उपाय म्हणून अवस्थांतर होणारे पदार्थ वापरात आहेत. ते सामान्य तापमानास घन असून सु. ४५° ते ६०° से.ला मऊ होतात, फटी भरतात व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतात. त्यांची श्यानता अधिक असल्याने ते कडांकडे सहसा ढकलले जात नाहीत. ग्रॅफाइटाच्या पातळ गाद्यांत तेलच नसल्याने त्या वाळत नाहीत, मात्र त्यांना पुरेसा दाब लागतो व त्या विजेच्या वाहक असतात. महासंगणकांत हवेऐवजी पुन्हा द्रवाचा वापर होत आहे. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रक्रियकांची उष्णता थेट द्रवाने काढून घेण्याची पद्धत आहे. द्रव ज्या पट्टातून वाहतो तो प्रक्रियकावर टेकवावा लागतो तेथे तेथे मधल्या फटीचा प्रश्न उरतोच. तो केवळ प्रक्रियक संपूर्णपणे द्रवात बुडविणाऱ्या पद्धतीत टळतो.

घरातील, शाळेतील किंवा कचेरीतील सामान्य संगणकाच्या बाबतीत या इतिहासाचे तात्पर्य व्यावहारिक आहे. वेग मंदावलेला संगणक निकालात काढण्यापूर्वी त्याची धूळ, पंखा व स्पर्शपृष्ठ तपासावे. कारण अनेकदा दोष लक्षावधी ट्रँझिस्टरांत नसून त्यांच्या पाठीवरील केसाएवढ्या जाडीच्या थरात असतो. आणि मापनात फरक आढळत नसेल, तर तो थर कितीही वर्षांचा असला तरी त्याला हात लावू नये.